यादीत 'नेहमीचा' नाही

म्हातारे डॉक्टर स्वतः जिना चढून वर आले, तेव्हाच मोठ्या बाईंनी ओळखलं की आज काहीतरी शेकणार. एरवी हा माणूस फोनसुद्धा नर्सकडून करवायचा. पायरीपायरीवर थांबत, कठड्याला धरत, हाश्शहुश्श करत आले आणि हातातली डबी त्यांनी बाईंच्या टेबलावर अशी आपटली की प्लास्टरची धूळ उडून त्यांच्याच कोटावर बसली. बाईंना ते बरं वाटलं.

"बघा," डॉक्टर म्हणाले.

"काय बघू? कवळी आहे. खालची. आमच्याच कारखान्यातली."

"रंग बघा, रंग."

मोठ्या बाईंनी डबी उघडली. गुलाबी हिरडीवर दात ओळीने बसले होते, पांढरेशुभ्र, लख्ख, नव्या बेसिनसारखे. सिनेमात काम करायची हौस असलेली पोरं असले दात करून घेतात.

"हे माझ्या एका पेशंटचे, मुख्याध्यापिका बाईंचे दात," डॉक्टर म्हणाले. "त्यांची वरची कवळी जुनी. चहा पिऊन पिऊन मुरलेली. आणि खाली हे! वर जुनं कपाट आणि खाली नवं न्हाणीघर. परवा शाळेत त्यांचा सत्कार आहे आणि बाई तोंड उघडायला तयार नाहीत. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची तोंडं बंद केली, त्या आता मान डोलावून बोलतायत."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दातांमागे ठेवलं. दातही त्यांच्याच कारखान्यातले होते. मोठ्या बाईंना कवळी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कवळी काढलेल्या मोठ्या बाई कोणी पाहिल्या नव्हत्या. निदान तसं धरून चालायची घरात रीत होती.

"हे कोणी केलं ते सांगा," डॉक्टर म्हणाले, "आणि पुन्हा होणार नाही ते दाखवा. नुसतं सांगू नका, दाखवा. नाहीतर मला दुसरं दार आहे. खालच्याच रस्त्यावर उघडलंय, माहीत असेल तुम्हाला."

माहीत होतं. त्या नव्या कारखान्याच्या दाराबाहेरची पाटी मोठ्या बाई येताजाता वाचायच्या. शाळेचं तोंड फारसं पाहिलं नव्हतं, तरी शत्रूची पाटी वाचण्यापुरती अक्षरं त्यांना येत होती.

त्यांनी आत हाक मारली. "चिरंजीव! बाहेर या."

मुलगा बाहेर आला. हाताला मेण, कपाळाला प्लास्टर, चेहऱ्यावर काही नाही. हात सोन्याचे आणि डोकं विश्रांतीला गेलेलं, असं बाई त्याच्याबद्दल त्याच्या तोंडावरच म्हणायच्या.

"हे तू केलंस?"

"हो."

"हा रंग कोणी सांगितला?"

"कॉम्प्युटरच्या शीटवर लिहिलं होतं. नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे?"

"म्हणजे आपण नेहमी करतो तो. हल्ली सगळे पांढराच मागतात."

"आणि विचारावंसं नाही वाटलं, की बाबा कोणाचा नेहमीचा?"

"लिहिलं होतं ना," मुलगा म्हणाला आणि दोन्ही हात बघू लागला, जणू उत्तर तिथे चिकटलं असावं.

"अहो, चिठ्ठीवर मी लिहिलं होतं नेहमीचा," डॉक्टर म्हणाले. "माझा नेहमीचा! मी इतकी वर्षं जो मागवतो तो!"

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शिकून शिकून हा माणूस एवढा मोठा झाला, आणि रंगाचं नाव लिहायची वेळ आली की 'नेहमीचा' लिहितो. जणू सगळं जग त्याच्या दवाखान्याच्या खिडकीत बसून त्याची सवय टिपून घेतंय. पण गिऱ्हाईक होतं. बाईंनी जीभ आवरली. जीभ आवरली की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

आता चिठ्ठीवरचा 'नेहमीचा' कोणी न विचारता शीटवर आलाच कसा, हा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणी बोलवायच्या आधीच जावई उभे राहिले.

जावई कारखान्यात टाय लावून यायचे. बाकी सगळे प्लास्टरने पांढरे, आणि मध्ये हा एकटा इस्त्रीचा. मुलीसाठी हे स्थळ मोठ्या बाईंनी स्वतः निवडलं होतं, सगळ्यांचा विरोध मोडून. म्हणून त्यांच्या मूर्खपणाकडे काणाडोळा करणं हे बाईंचं एक वेगळंच काम होऊन बसलं होतं, आणि ते काम दिवसेंदिवस वाढत होतं.

"आई, मी स्पष्ट बोलतो," जावई म्हणाले. "मी ऑर्डर बरोबर टाकली होती. वहिनींच्या त्या मॅक्रोने बदलली. शीटमध्ये काहीबाही लिहून ठेवलंय त्यांनी. आपोआप चालतं. आपोआप चालणाऱ्या गोष्टीवर भरवसा कसा ठेवायचा? मी आधीपासून म्हणतोय, ते टेबल माझ्याकडे द्या. वहिनींनी आपलं पॉलिशचं बघावं. त्यात त्यांचा हात चांगला आहे."

सून कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसली होती. ती उठली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून कितीतरी वर्षं तिने पॉलिशच्या खोलीत काढली होती. फिरत्या चाकावर दात घासायचे, तोंडाला फडकं, नाकात भुकटी, संध्याकाळी खोकला. घरी बसून ती कॉम्प्युटर शिकली आणि या टेबलापर्यंत आली.

"मी परत पॉलिशला बसणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "आई, तुम्ही म्हणाल तर टेबल सोडते. पण मग कारखानाही सोडते. मला बोलावणं आहे."

"कुठून?"

"खालच्याच रस्त्यावरून."

मुलगा आपल्या हातांकडेच बघत होता. बायको चालली तरी तो बहुधा हातांनाच विचारणार होता. सून गेली तर हे टेबल जावयाकडे जाणार, आणि मग या कारखान्यातून काय काय रंगाचे दात बाहेर पडतील ते देवालाच ठाऊक. पण 'राहा' म्हणणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या कोणाला 'राहा' म्हणाल्या नव्हत्या; लोक त्यांच्याकडे राहायचे.

"मग निवाडा आत्ताच होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, बसा. तुम्हाला दाखवलेलं हवंय ना? बघा. तू सांग गं, तुझी शीट काय करते. मला कळेल असं सांग. मला कळलं म्हणजे डॉक्टरांनाही कळेल."

सुनेने कॉम्प्युटर वळवला. "हा रंगाचा रकाना. यात काही लिहिता येत नाही. चौकोनात गेलं की बाजूला बाण दिसतो, तो दाबला की रंगांच्या नंबरांची यादी पडते. ए-एक, ए-दोन, ए-तीन, ए-साडेतीन, अशी. त्यातलं एक निवडायचं. यादीत नाही ते लिहिलं तर शीट घेत नाही. डेटा व्हॅलिडेशन म्हणतात त्याला. यादीत 'नेहमीचा' नाही."

"म्हणजे डॉक्टरांनी 'नेहमीचा' लिहिलं तर?"

"तर फोन करून विचारावं लागतं. त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तेवढ्यासाठीच तो नियम आहे."

"मला कोणाचाच फोन आला नाही," डॉक्टर म्हणाले.

"बरं. मग 'नेहमीचा' आत शिरला कुठून?"

"चिकटवला. भावोजी सगळ्या ऑर्डरी आधी आपल्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात, आणि मग गठ्ठ्याने उचलून इथे आणून चिकटवतात. तसं चिकटवलं की त्यांचा चौकोन माझ्या चौकोनावर बसतो. त्यांच्या चौकोनाला नियम नाही, मग माझ्याचाही पुसला जातो. बाण जातो, यादी जाते. मग त्यात काहीही लिहा. आपलं नाव लिहा."

"एकेक निवडत बसायला मला वेळ नसतो," जावई म्हणाले.

"तुम्हाला वेळ नसतो?" मोठ्या बाई म्हणाल्या. हा प्रश्न त्यांनी इतक्या प्रेमाने विचारला की मुलगासुद्धा वर बघायला लागला. जावयांना दुपारच्या जेवणानंतर जी डुलकी लागायची, तिला कारखान्यात 'मीटिंग' म्हणत.

"म्हणून मी मॅक्रो लिहिला," सून म्हणाली. "राखणदार समजा. शीटमध्ये काहीही बदललं की तो बघतो, नियम जागेवर आहेत का. नसले तर जे चिकटवलंय ते सगळं उलटं फिरवतो. होतं तसं करून ठेवतो. तो रंग बदलत नाही. त्याला रंग कळतही नाही. नियम आहे की गेला, एवढंच त्याला कळतं."

"मग या वेळी तो झोपला होता?"

"तेच मला कळत नाहीये," सून म्हणाली. "माझ्या कॉम्प्युटरवर रोज चालतो. दर वेळी उलटं फिरवतो. भावोजींच्या कॉम्प्युटरवरून आलेल्या ओळींवर मात्र एकही नियम राहिलेला नसतो. मी पुन्हा पुन्हा लावते, पुन्हा पुन्हा जातात."

"बघितलंत?" जावई डॉक्टरांना म्हणाले. "लिहिणारीलाच कळत नाहीये."

डॉक्टरांनी मान हलवली. शिकलेल्या माणसाला टायवाला माणूस लवकर पटतो.

मोठ्या बाई उठल्या. उठताना त्यांनी कोणाचा हात घेतला नाही. "जावईबापू, चला तुमच्या टेबलाशी. ती ऑर्डर जशी टाकली होती तशीच पुन्हा टाका. आमच्यासमोर."

जावई आनंदाने बसले. प्रेक्षक मिळाले की त्यांना कामाचा उत्साह यायचा. त्यांनी शीट उघडली. वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी आली. त्यावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं होतं आणि एक बटण होतं. जावयांनी मान जराशी वाकडी केली, पट्टीच्या टोकाला असलेली फुली दाबली, आणि पट्टी गेली. माशी हाकलावी तितक्या सहज. मग आपली फाइल उघडली, ओळ उचलली, आणून चिकटवली. रंगाच्या रकान्यात 'नेहमीचा' येऊन बसला. बाण गेला. शीटने हूं की चूं केलं नाही.

"झालं," जावई म्हणाले. "कुठाय राखणदार?"

सून पुढे वाकली होती. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग ते उतरलं आणि तिथे तिच्या सासूला शोभेल असा तिरस्कार चढला.

"ती पट्टी," ती म्हणाली. "तुम्ही ती पट्टी रोज बंद करता?"

"म्हणजे काय. पहिल्या दिवसापासून."

"भावोजी, ती पट्टी विचारते की मॅक्रो चालू द्यायचे का. बटण दाबून परवानगी दिली तर राखणदार आत येतो. तुम्ही फुली मारता. म्हणजे रोज सकाळी येऊन त्याला बाहेर कोंडता, आणि मग विचारता, कुठाय राखणदार?"

डॉक्टर खाकरले. मोठ्या बाईंनी जावयांकडे पाहिलं. आता मात्र काणाडोळा करायला डोळे कमी पडत होते. "अहो, एवढं बटण दाबायला तुमच्या बोटाला काय झालं होतं?"

आणि जावई, ज्यांना आयुष्यात वेळेवर काही सुचलं नव्हतं, त्यांना नेमकं तेव्हा सुचलं.

"आई, तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी?"

"हो. सगळ्यांना उभं करून. फोन असो, कॉम्प्युटर असो, यंत्राने परवानगी मागितली की नाही म्हणायचं. जो हो म्हणेल त्याने माझ्या दारात यायचं नाही. तुमचेच शब्द. मी तुमचा शब्द मोडत नाही, आई. बाकीचे मोडत असतील." असं म्हणून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

मुलाने हळूच मान खाली घातली. कारण हे खरं होतं, आणि का सांगितलं होतं तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

झालं होतं असं की, मोठ्या बाईंना नवी कवळी करायची होती. हिरडी कुठे टोचते ते मुलाला दाखवायला त्यांनी आपल्या उघड्या तोंडाचा, बिनदातांचा फोटो फोनवर काढला होता. दुसऱ्या दिवशी फोनवरच्या कुठल्याशा फुकट पंचांगाने विचारलं, तुमचे फोटो बघू का? बाई म्हणाल्या, बघ बापडा. त्याने तो फोटो बघितला, त्याला आवडला असावा, आणि त्याने तो बाईंच्या नावापुढे लावून टाकला. दिवसभर जो जो बाईंना फोन करेल, त्याच्या फोनवर मोठ्या बाई बोळक्या तोंडाने आ वासून. व्याह्यांना दिसल्या, गिऱ्हाइकांना दिसल्या, विजेचं बिल घेणाऱ्याला दिसल्या. दातांच्या कारखान्याच्या मालकीण! सगळ्यांनी बघितलं आणि एकानेही सांगितलं नाही. संध्याकाळी सुनेने गुपचूप फोन घेऊन तो काढला, आणि त्याविषयी पुन्हा एक अक्षर बोलली नाही. त्याच रात्री कायदा निघाला.

"कशासाठी असं सांगितलं होतं?" डॉक्टरांनी कुतूहलाने विचारलं.

"त्याचं काय झालं," जावई खुलले, "आईंचा एक फोटो..."

"जावईबापू."

मोठ्या बाईंनी फक्त एवढंच म्हटलं. जावई टायची गाठ चाचपू लागले.

बाईंचे कान पेटले होते. कायदा त्यांचा होता, यात वाद नव्हता. राखणदाराला कोंडणारा हात जावयाचा असला तरी कडी त्यांनीच बसवली होती. 'चुकलं माझं' एवढं म्हटलं की संपत होतं. लोक म्हणतात तसं, रोज म्हणतात, म्हणून काही मरत नाहीत. पण मोठ्या बाईंनी ते शब्द कधी वापरले नव्हते आणि या वयात नवे शब्द तोंडात बसवून घ्यायचे, तेही जावयासमोर, डॉक्टरसमोर? हिरडी टोचली असती.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ते मी माणसांना सांगितलं होतं. त्यात तुम्ही स्वतःला कशाला धरलंत?"

डॉक्टरांच्या घशातून एक विचित्र आवाज आला.

"आई, हा अपमान..."

"अपमान नंतर करते. सरका."

जावई सरकले. मोठ्या बाई त्यांच्या खुर्चीवर बसल्या. "हे बंद कर," त्या सुनेला म्हणाल्या, "काही साठवू नकोस त्याच्यातलं. पुन्हा उघड."

सुनेने उघडलं. पिवळी पट्टी आली. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला आणि पट्टीकडे असं पाहिलं, जणू तीच ती पंचांगवाली.

"हेच बटण?"

"हो, आई. पण तुम्ही कशाला... मी दाबते."

"तू का? नको म्हणणारी मी होते."

घरात याहून मोठी कबुली कधी कोणी ऐकली नव्हती, आणि पुढेही कोणी ऐकणार नव्हतं. बाईंनी आपलं जाड बोट माउसवर ठेवलं आणि असं दाबलं की टेबल हललं. पट्टी गेली. फोटो कुठे निघाला नाही. आभाळ कोसळलं नाही.

"आता चिकटवा, जावईबापू. उभ्यानेच."

जावयांनी वाकून ओळ उचलली आणि आणून चिकटवली. 'नेहमीचा' डोळ्यांची उघडझाप होण्याइतका दिसला आणि नाहीसा झाला. बाण जागच्या जागी होता. पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. तिच्यात मराठीत लिहिलं होतं. मोठ्या बाई एकेक अक्षर लावायला लागल्या, तेवढ्यात डॉक्टरांनीच मोठ्याने वाचलं:

"चिकटवलेलं काढून टाकलं आहे. बाण दाबून यादीतून निवडा. वाचता येत असेल तर."

मुलगा हसला. इतक्या वर्षांत कारखान्यात तो पहिल्यांदाच आवाज करून हसला असेल. सून लाल झाली.

"हे तू लिहिलंस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो, आई. रागात लिहिलं. बदलते."

"बदल तर. शेवटचं वाक्य आधी घे."

मग त्या खुर्चीतच डॉक्टरांकडे वळल्या. "हं, डॉक्टर. आता तुमचा रंग सांगा. परवा सकाळी दात तुमच्या दारात असतील."

"सांगितलं की. नेहमीचा," डॉक्टर सवयीने बोलून गेले.

"यादीत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी खिशातून नमुन्याच्या दातांची पट्टी काढली, खिडकीशी जाऊन उजेडात दोन दात ताडून पाहिले आणि एखाद्या विद्यार्थ्यासारखं म्हणाले, "ए-साडेतीन."

सुनेने बाण दाबला, यादी पडली, ए-साडेतीन निवडलं. शीटने गुमान घेतलं. मुलगा न सांगता आत गेला आणि भट्टी लावल्याचा आवाज आला.

डॉक्टर जिना उतरायला लागले तेव्हा जावई त्यांच्यामागे गेले, त्यांना आधार द्यायला. मोठ्या बाईंनी वरून ओरडून सांगितलं की इथून पुढे डॉक्टरांची ने-आण आणि रंगांची विचारपूस जावईबापूच करतील, माणसांत त्यांचा चांगला जम बसतो. जावयांना ती बढती वाटली. वाटू दिली.

टेबलाचं काय झालं, खालच्या रस्त्यावरच्या बोलावण्याचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. सून आपल्या जागी जाऊन बसली. मोठ्या बाई तिच्यामागे घुटमळत राहिल्या.

"हा उद्या पुन्हा फुली मारेल," त्या म्हणाल्या.

"मारू देत. नवी फाइल करते. आणि त्यात असं करते, की परवानगी दिल्याशिवाय ऑर्डरी दिसणारच नाहीत. सगळी पानं लपलेली. एकच पान समोर राहील. बटण दाबा म्हणून सांगणारं."

"त्या पानावर नुसतं लिहिलेलं?"

"हो. का?"

"लिहिलेलं हा वाचत नाही." मोठ्या बाईंनी पदर सारखा केला. इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "फोटो लावता येतो का गं त्याच्यावर?"

सून वळून त्यांच्याकडे बघत राहिली. "येतो, आई."

"मग काढ."

सुनेने फोन काढला. मोठ्या बाई खिडकीशी ताठ उभ्या राहिल्या, उजेड तोंडावर येईल अशा बेताने. ओठ मागे घेतले. वरची ओळ, खालची ओळ, सगळे दात दिसले पाहिजेत असे.

"आई, हसताय की काय?"

"हसू कशाला? वर लिही, मी सांगितलंय म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांनी टाय सारखा करून शीट उघडली. वर पिवळी पट्टी आली आणि खाली, पडदाभर, सासूबाई. जावयांचा हात सवयीने फुलीकडे गेला होता. तो मध्येच थांबला, आणि मग फार सावकाश, कोणी मागे उभं नाही ना असं वळून बघत, बटणाकडे गेला.